सहावा खांब

रेणूने आपला फोन गौतमच्या पुढ्यात धरला, तेव्हा त्याला आधी दिसली ती कुरूपता. धोका नंतर दिसला. हिमायतनगरच्या ऑफिसात दुपारचा चहा नुकताच आला होता. ‘सर, बघा ना, आपला अंबरपेठवाला हॉल रीलमध्ये आलाय,’ असं म्हणत तिने मोठ्या हौसेने फोन पुढे केला होता. रेणू नवी आर्किटेक्ट, वर्षभरापूर्वीच लागलेली, तिला अजून हौस होती. पडद्यावर झेंडूच्या माळा, गाण्याचा धांगडधिंगा, आणि माळांच्या मागे गौतमने स्वतः आखलेली, स्वतः उभी करून घेतलेली खांबांची रांग. त्या रांगेत पाच खांब होते. गौतमने आयुष्यात कधी पाच खांब उभे केले नव्हते. चार, सहा, आठ. विषम कधीच नाही, कारण विषम आकडा धरला की एक खांब बरोबर दाराच्या मध्ये येतो आणि येणाऱ्याच्या नाकावर उभा राहतो. ग्रीकांना हे कळत होतं, रोमनांना कळत होतं, कोठीची ब्रिटिश रेसिडेन्सी बांधणाऱ्या गोऱ्यालाही कळत होतं. इथे मधल्या दोघांपैकी एक नाहीसा झाला होता आणि उरलेली रांग पुढचा दात पडलेल्या माणसासारखी हसत होती. मग त्याची नजर त्या रिकाम्या जागेच्या वर गेली, खांबांवर आडव्या टाकलेल्या दगडी पाट्यांवर, पाट्यांवरच्या त्रिकोणी माथ्यावर, आणि तेव्हा कुठे त्याला धोका दिसला. तो खांब शोभेचा नव्हता. त्याच्यावर छप्पर होतं.

फोन भिंतीवर आपटून फुटला हे त्याला आवाजावरून कळलं. रेणू आधीच मागे सरली होती. या ऑफिसात जे टिकले त्या सगळ्यांना हे मागे सरणं जमत असे. कुणी शिकवत नव्हतं, पण महिन्याभरात यायचं. ‘माझा फोन होता सर,’ एवढंच ती म्हणाली, तेही फोनकडे बघत. गौतमने स्वतःचा फोन काढून शिवराजला लावला. शिवराज हॉलचा मालक. त्याचे आजोबा भालकीकडची शेती सोडून बेगम बाजारात हळद-मिरचीच्या आडतीवर आले होते, वडिलांनी आडत स्वतःची केली, आणि शिवराजने मिरचीतून काढलेला पैसा फंक्शन हॉलमध्ये घातला होता.

‘खांब कधी तोडला?’

‘कोण, सर? हौ हौ, तो खांब! परसोंच काढला. नवरदेवाची जीप आत येत नव्हती ना. आता बघा, कैसा चौडा रस्ता झाला, सीधा स्टेजपर्यंत जाते.’

‘आज लग्न आहे तिथे?’

‘आहे ना. आपल्या मराठी लोकांचंच, गोरज मुहूर्त. या ना सर, जेवून जावा.’

‘हॉल रिकामा कर. आत्ताच्या आत्ता. त्या खांबावर भार आहे.’

शिवराज मोकळेपणाने हसला. ‘कायको मजाक करायलेत सर! खांबावर कुठं भार असतो? पूछकेच तोडा मैं, पागल है क्या—’

गौतमने फोन कापला. पूछके! कुणाला विचारलं असेल? एखाद्या पीओपीच्या ठेकेदाराला, दुसरं कोण. आणि त्या ठेकेदाराचा तरी काय दोष? या शहरात खांब म्हणजे वरून चढवलेला अंगरखा. आत लोखंडी नळी, भोवती फायबरचा पत्रा, त्यावर सोनेरी रंग. बंगल्यांना खांब, हॉटेलांना खांब, दाताच्या दवाखान्यांना खांब, आणि सगळे पोकळ. गौतमला एक खोड होती. कुणाच्या लग्नाला गेला की यजमानासमोरच तो खांबावर बोटं वाजवायचा, डब्यासारखा आवाज आला की म्हणायचा, ‘रिकामाय.’ दोन-तीन घरांनी त्यामुळे त्याला बोलावणं बंद केलं होतं. सगळ्या हैदराबादेत खरे खांब एकट्या गौतम मुखेडकरचे. विटेचे, चुन्यातले, जमिनीपासून माथ्यापर्यंत भरीव. आणि सगळे खोटे असलेल्या गावात खरा खांब उभा करणं किती जीवघेणं असतं हे त्याला आज, चहा गार होत असताना, पहिल्यांदा कळत होतं. खोटा असता तर कुणी मरणार नव्हतं.

‘अहो, मी येते,’ असं म्हणत इंदुमती पलीकडच्या खोलीतून पर्स घेऊन बाहेर आली. ती त्याची बायको आणि ऑफिसची स्ट्रक्चरल इंजिनियर. खांब त्याचे, आकडेमोड तिची, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती. तो जिना उतरत होता. त्याने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं नाही, पण ती बसेपर्यंत थांबला. नारायणगुड्याच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. पुढच्या रिक्षाला त्याने मुद्दाम धक्का दिला, रिक्षावाला उतरून आला, खिडकीतून हात आत घालून त्याने गौतमची कॉलर धरली आणि गौतमने काच वर केली. हात काचेत सापडला. माणूस ओरडला. इंदुमतीने पलीकडून वाकून काच खाली करायचं बटण दाबलं, ‘माफ करो भाई, इमर्जन्सी है,’ म्हणाली, आणि गौतमने त्या उघड्या तोंडाच्या माणसाला मागे टाकून गाडी फुटपाथवरून काढली. त्याला बरं वाटलं. वाटू नये हे माहीत असून बरं वाटलं.

‘माझं ऐका जरा,’ ती म्हणाली. ‘ते छप्पर पडणार नाही.’

‘तू गप्प बस.’

‘अहो, पण मी काय सांगते—’

‘गप्प बस म्हटलं ना!’ त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला. ‘माझा खांब आहे. मला माहीत आहे तो काय उचलतो. माझं समाधान करू नकोस.’ इंदुमती खिडकीबाहेर बघू लागली. बरकतपुऱ्याची झाडं मागे जात होती.

खांब काय उचलतो हे त्याला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्याचे वडील एकनाथराव कोर्टात सरिश्तेदार होते. गावभर शांत म्हणून ओळखले जात. कोर्टाचा काळा लाकडी रूळ मात्र घरी आणत आणि तो मुलाच्या पोटऱ्यांवर, पाठीवर, तोंडावर चालवत. का, ते बहुतेक वेळा कळत नसे. गणित चुकलं, पाणी सांडलं, उत्तर दिलं, उत्तर दिलं नाही. एका रविवारी मारून झाल्यावर त्यांना बहुधा स्वतःचीच लाज वाटली असावी, त्यांनी गौतमचा हात धरला आणि चालत त्याला कोठीला नेलं. रेसिडेन्सीत तेव्हा मुलींचं कॉलेज भरत असे, रविवारी सामसूम, पहारेकरी ओळखीचा. पायऱ्यांवर दगडी सिंह होते, आणि पायऱ्या संपल्या तिथे ते खांब, मान मोडेपर्यंत वर बघावं असे उंच. गौतमच्या गालावर रुळाचा वळ उठला होता, गाल तापला होता. त्याने काही न ठरवता तो गाल खांबाला लावला. घोटलेला चुना गार होता, गुळगुळीत होता, आणि त्याच्यातून गारवा हाडापर्यंत आला. ‘बघ,’ वडील म्हणाले, ‘डोक्यावर केवढं ओझं आहे. कुरकुरतो का?’ वडिलांना वाटलं मुलगा धडा शिकला. गौतमला एवढंच कळलं होतं की जगात एक वस्तू अशी आहे जिच्यावर वडिलांचा रूळ चालणार नाही. त्या वस्तूवर त्याचा जीव जडला. बायकोवर, पोटच्या मुलावर तसा कधी जडला नाही, आणि हे त्याला ठाऊक होतं.

पुढे आर्किटेक्चर कॉलेजात त्याने खांब काढले तेव्हा प्राध्यापक म्हणाले, ‘हा कुठल्या नाटकाचा पडदा?’ आणि वर्गासमोर कागद उभा फाडला. गौतमने ड्रॉइंग बोर्ड उचलून त्यांच्या खांद्यावर घातला. एक वर्ष गेलं, वडिलांनी शेवटचा मार दिला, आणि गौतमने तो मोजून घेतला, कुरकुरला नाही. मग शहरात काच आली. माधापूर, गच्चीबावली, जिकडे बघावं तिकडे काच. त्याच्या वर्गातली मुलं काचेवर गबर झाली आणि सभांमधून त्याला ‘आमचा डेकोरेटर’ म्हणू लागली. त्याच्याकडे आले ते फंक्शन हॉलवाले. त्यांना ‘व्हाइट हाऊस टाइप’ हवं असायचं. त्यांनी मागितलं थर्माकोल, गौतमने दिले खांब. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून तो महिना महिना भिजवायला लावायचा. खांबाला मध्यावर किंचित पोट लागतं, डोळ्याला दिसू नये पण असावं, नाहीतर खांब उपाशी दिसतो. ते पोट चुकलं की तो गाडीतला घण आणून स्वतःच्या हाताने खांब पाडायचा. मिस्त्री लांब उभे राहून बघायचे. विटा उडायच्या, एकाच्या कपाळाला लागून रक्त आलं तरी त्याचा घण थांबला नव्हता. ‘घणवाले सर’ हे नाव त्याला कळलं होतं आणि आवडलं होतं. असे पंचवीसेक हॉल, काही बंगले, एक ग्रंथालय. त्यातल्या एकाही छपराला कधी केसाएवढी चीर गेली नव्हती. काचवाल्यांचे टॉवर गळायचे, त्याचं काही गळलं नाही. हेच त्याचं उत्तर होतं, सगळ्यांना, वडिलांसकट.

इंदुमतीचा सुरुवातीला विरोध होता. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पहिल्या हॉलचे आकडे घेऊन ती समोर बसली आणि म्हणाली, एवढ्या रुंदीला विटेचा खांब पुरणार नाही, मला भीती वाटते. त्याच्या हातून ओळंबा सुटला. पितळेचा, वजनदार. भुवईवर लागला, टाके पडले. पण त्यानंतर तिला खांब पटले. पुन्हा कधी तिने वाद घातला नाही. कागद घेऊन जायची, रात्र रात्र बसायची, सकाळी ‘ठीक आहे’ म्हणून सही करायची. माणसं अशी समजावून घेतात, असं गौतमला आजवर वाटत आलं होतं.

अंबरपेठेत हॉलच्या बाहेर वरात येऊन थडकली होती. फुलांनी मढवलेली उघडी जीप, तिच्यात फेटा बांधलेला नवरदेव, पुढे बँड, मागे डीजे, मध्ये नाचणारी माणसं. गौतम गर्दीतून कोपरं मारत आत घुसला. जिथे सहावा खांब होता तिथे जमिनीलगत कापलेला खुंट उरला होता, सोललेल्या गुडघ्यासारखा लाल. त्याच्या अर्ध्या भागावर सतरंजी टाकली होती आणि सतरंजीवर रांगोळी. तो तिथे उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं. दगडी पाटे अधांतरी होते. कसे थांबलेत? चुना धरून ठेवतोय. चुना दमादमाने सुटतो, आधी बारीक पावडर पडते, मग खडा, मग सगळं. त्याला वाटलं खांद्यावर पावडर पडली. डीजेच्या ठोक्याने छाती हलत होती, म्हणजे पाटेही हलत असणार. आत भरलेला हॉल. लहान मुलं घसरगुंडीसारखी फरशीवर घसरत होती, म्हाताऱ्या खुर्च्या धरून बसल्या होत्या, बगारा खान्याच्या भाताचा आणि खुबानीच्या गोडाचा वास येत होता. आणि आता ती जीप, टनभर वजनाची, पायऱ्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून धडधडत बरोबर इथून आत येणार होती.

‘बाहेर चला! सगळे बाहेर चला! छप्पर पडतंय!’ कुणी ऐकलं नाही. एक मावशी हसून म्हणाल्या, ‘बसा ना, सरबत घ्या.’ शिवराज धावत आला, जाकिटाला गुलाब लावलेला. ‘सर, सर, नक्को ना, पार्टीसमोर नक्को. हल्लू बोला. मॅडम कुठं आहेत? मॅडमला बोलवा रे कोणी.’ मागून इंदुमती काहीतरी ओरडत येत होती, बँडमध्ये तिचं तोंड तेवढं हलताना दिसलं. गौतमने शिवराजच्या कानाखाली आवाज काढला. मग लोखंडी खुर्ची उचलली.

नंतर त्याला आठवलं ते तुकड्यांनी. आरसा फुटताना झालेला खळ्ळकन आवाज. स्टेजवरचं काचेचं झुंबर, ते फिरवून मारलेल्या खुर्चीने खाली आलं. केळीचे खांब त्याने मुळासकट उपटून फेकले; तेही खांबच, हे तेव्हाही त्याच्या ध्यानात आलं. कुणीतरी मामा आडवे आले, त्यांच्या नाकावर खुर्चीचा पाय बसला आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उतरलं. बाया किंचाळल्या. ‘एवरय्या नुव्वु?’ कोण रे तू, असं म्हणत हॉलच्या दांडगट पहारेकऱ्याने त्याला मागून कव घातली, आणि मग पाहुण्यांनी त्याला फरफटत, पायऱ्यांवरून, बाहेरच्या हिरवळीवर आणलं. पहिली लाथ बरगडीत बसली. दुसरी तोंडावर. ‘मारो साले को!’ ‘दारू पिऊन आलाय!’ ‘अरे, मामांचं नाक फोडलं हो यानं!’ एकामागून एक माणसं पायऱ्या उतरून येत होती, नवा माणूस, नवी लाथ. आणि गौतमला लख्ख कळलं: लाथ मारायला येणारा प्रत्येक जण छपराखालून बाहेर आलेला असतो. त्याला आनंद झाला. वेडा, रासवट आनंद. या, आणखी या. त्याने अंगठा दाखवून त्यांना डिवचलं. उजव्या मनगटावर कुणाचा तरी बूट पडला, आत काहीतरी काडकन मोडलं, तरी तो हसत होता.

पण आत बायका होत्या, मुलं होती, नवरी होती. ती लाथा मारायला येणार नव्हती. म्हणून त्याने श्वास घेतला, आणि नवरीबद्दल, तिच्या आईबद्दल, त्या घरातल्या एकूण एक बाईबद्दल असं काही ओरडला, जे त्याने आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं, बापाच्या तोंडून मात्र एकदा ऐकलं होतं. बँड आपोआप थांबला. आता कुणी आत राहिलं नाही. म्हाताऱ्या आल्या, कडेवर पोरं घेऊन बाया आल्या, नवरदेव जीपमधून उडी टाकून आला. शेवटी नवरी आली. कपाळाला मुंडावळ्या, हिरवा चुडा, रडून काजळ पसरलेलं. गर्दीने तिला वाट दिली. तिने वाकून, नीट नेम धरून, गौतमच्या तोंडात मारली. मग चप्पल काढली आणि आणखी मारली.

हॉल रिकामा होता. आता पड, गौतम म्हणाला.

तो एका डोळ्याने बघत होता, दुसरा सुजून मिटला होता. दिवे लागले होते, पाचही खांब सोन्यासारखे दिसत होते, त्यांचं पोट किंचित फुगलेलं, जसं असावं तसं. वर त्रिकोणी माथा. काहीच हललं नाही. लोक दमले, त्याच्यापासून लांब झाले, फोन करू लागले. मुहूर्त टळेल म्हणून भटजींनी हाक मारली. पड. एक बाई मुलाला घेऊन पुन्हा पायऱ्या चढली. मग तिच्यामागे दुसरी. मग नवरीला तिच्या मैत्रिणींनी धरून आत नेलं, त्याच मोकळ्या जागेतून, रांगोळी तुडवत. आता पुन्हा आत माणसं होती, आणि गौतम तेच म्हणत होता: पड. तो थांबला नाही. त्याला ऐकू आलं आपण काय म्हणतो आहोत ते, आणि तरी तो थांबला नाही. मुलं परत फरशीवर घसरू लागली होती. त्यांच्यावर पड. फक्त एकदा, मी खरा आहे एवढं दिसेल इतकं पड. त्याला स्वतःची भीती वाटली, पण त्या इच्छेपेक्षा भीती लहान होती.

इंदुमती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. साडीच्या पदराने तिने त्याच्या तोंडातलं रक्त टिपलं.

‘पडणार नाही हो,’ ती म्हणाली. ‘गाडीत तेच सांगत होते. वर गर्डर आहे.’

‘कसला गर्डर?’

‘लोखंडी. पाट्यांच्या मागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. छप्पर, पाटे, सगळं त्याच्यावर आहे. खांबांवर काही नाही.’

‘कुणी घातला?’

‘मी.’

आत मंगलाष्टकं सुरू झाली.

‘इथंच?’

‘नाही.’ ती पदराची घडी घालत राहिली. ‘सगळीकडे. पहिल्या हॉलपासून. तुम्ही साइटवर नसाल त्या दिवशी चढवून घ्यायचे. मिस्त्र्यांना माहीत आहे. शिवराजअण्णांनी खांब काढायच्या आधी मलाच विचारलं होतं. मी हो म्हटलं.’

‘मला सांगायचं.’

हिरवळीच्या कडेला शिवराज गाल धरून उभा होता, त्याच्याशेजारी तो पहारेकरी, नाकाला रुमाल लावलेले मामा. कोणीही जवळ येत नव्हतं. गौतमच्या डोळ्यांपुढून त्याचे हॉल गेले, ग्रंथालय गेलं, एवढ्या वर्षांचे एवढे खांब, भरीव, घोटलेले, घणाने पाडून पुन्हा उभे केलेले, आणि त्यांच्यातल्या एकावरही कधी काही नव्हतं. सगळे नुसते उभे होते. छपरं वरच्या वर, त्याच्या नकळत, दुसऱ्याच कुणीतरी धरली होती.

त्याला उठून बसायचं होतं. उजवा हात निकामी झाला होता, म्हणून त्याने डावा उचलला, तिच्या खांद्याचा आधार घ्यावा म्हणून. हात वर आला आणि इंदुमतीने डोळे गच्च मिटले, मान किंचित बाजूला वळवली, आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. मागे सरली नाही. हिरवळीवरचे सगळे बघत होते. हात आता खाली कसा आणायचा, ते गौतमला कळेना.